गंगाधरअप्पासाठी उसने शब्द

बेलाच्या पानांना उन्हात एक कडवट, हिरवा गंध सुटतो. त्यात विभूतीचा कोरडा सुवास मिसळला, की परळीतल्या आमच्या गल्लीला कळतं, कुणाच्या तरी घरी शिवगणाराधना आहे, कुणीतरी कायमचं निघून गेलं आहे. त्या सकाळी तो गंध गंगाधरअप्पाच्या दारातून येत होता. अप्पा माझा जिवलग मित्र. स्टेशनाकडच्या रस्त्यावर त्याचं कापडाचं दुकान. औष्णिक वीज केंद्राची राख पांढऱ्या ताग्यांवर बसू नये म्हणून दिवसभर फडकं मारणारा, चिडका, हसरा, मोठ्या आवाजाचा माणूस. शाळेतून निवृत्त होऊन मी प्रवचनं करू लागलो, तेव्हापासून त्यानं माझं एकही प्रवचन चुकवलं नाही आणि एकाही प्रवचनात तो जागा राहिला नाही! खांबाला टेकून निवांत झोपायचा, 'हर हर महादेव' ऐकू आलं की सर्वांत मोठ्यानं गजर करायचा, आणि घरी परतताना म्हणायचा, "आज लई गाढ झोप लागली बे. म्हंजी चांगलं बोललास तू."

अशा मित्राच्या उत्तरकार्यात प्रवचन करायला मला कसली तयारी लागावी? तरीही मी मोबाइल उघडला. गेल्या श्रावणापासून ती सवयच जडली होती. आपण विषय सांगायचा, आणि त्या कृत्रिम बुद्धीनं क्षणार्धात दृष्टान्त, उपमा, समारोप सारं रचून द्यायचं. प्रारंभी मी त्यात माझं काही मिसळत असे. पुढे ते मिसळणं कमी होत गेलं, स्तुती मात्र वाढत गेली. बोलताना कंठ दाटेल म्हणून हा आधार, अशी मी स्वतःची समजूत काढली. 'दिवंगत कापड व्यापारी, मनमिळाऊ, शिवभक्त', एवढंच मी त्या यंत्राला कळवलं. इतक्या वर्षांचा स्नेह मी एका ओळीत आटोपला!

प्रवचन देखणं झालं. देह हे वस्त्र, आयुष्य हे धाग्यांचं विणकाम, परमेश्वर हा विणकर. लोकांनी डोळे पुसले. माझे मात्र कोरडे होते, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

पंगती उठल्यावर मी आत गेलो. अप्पाच्या पत्नी, शकुंतलावहिनी, भिंतीशी बसल्या होत्या. खोटं कशाला सांगू, कौतुकाच्याच अपेक्षेनं मी समोर बसलो.

"लई छान बोललात भाऊजी," त्या म्हणाल्या. मग खाली बघत, हळूच, "पर त्यात ह्यांचं कायच न्हवतं. हे असते तर आज झोपले नसते. उठून इचारलं असतं, कुनाबद्दल बोलायलास बे?"

तो आवाज मला साक्षात ऐकू आला. "वहिनी, ते माझं नव्हतंच. मोबाइलनं लिहून दिलं होतं," मी म्हणालो.

त्या रागावल्या असत्या तर सोसलं असतं. त्यांनी नुसतंच नवलानं पाहिलं. "कावून? तुमी तर वळखत होता त्यांना."

मी खांबाला टेकून झोपणाऱ्या अप्पाची गोष्ट सांगायला घेतली. दुसऱ्याच वाक्याला हुंदका आला. माझं वाक्य वहिनींनीच पुरं केलं, "घरी येऊन बी तेच सांगायचे, लई गाढ झोप लागली म्हून," आणि पदर तोंडाला लावून रडता रडता हसल्या.

काही दिवसांनी युसूफ वडगाव या गावाहून एका अनोळखी गृहस्थाचा फोन आला. "गुरुजी, वडिलांचं उत्तरकार्य हाय. परळीला बोललात तेच बोला. आमचे वडील बी व्यापारीच होते, बसंल त्यांना."

"ते मला येत नाही," मी म्हणालो. "तुमचे वडील रागावले की काय म्हणायचे, ते सांगा."

मग तो सांगू लागला. आधी अडखळत, मग भरभरून, मध्येच हसत. मी ऐकत राहिलो. परक्या माणसासाठी जे इतकं सहज सुचलं, ते माझ्या मित्रासाठी मला का सुचू नये? वडगावला मी गेलो, बोललो, लोक म्हणतात बरं बोललो. पण अप्पाचा निरोप एकदाच घ्यायचा होता, आणि त्या वेळी मी तिथे नव्हतो.