काकाजींचं चार्जिंग

भंडारा जिल्ह्यात विजेवर नितांत श्रद्धा असलेला माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा काका आहे. बाकी आम्ही सगळे बटण दाबलं की आधी पंख्याकडे बघतो. काकाजी बटण दाबून सरळ झोपतात. धानाच्या बांधीत जन्म काढलेल्या या माणसाने उतारवयात एकोडीत पहिली इलेक्ट्रिक कार आणली, तीही जुनी, कोणीतरी वापरून विकलेली. गावाने तिला ‘चार चाकांचा मोबाईल’ असं नाव ठेवलं. काकाजींनी मुळीच मनावर घेतलं नाही. "मोबाईल तं मोबाईल. तुमच्यासारखी धूर तं नाही सोडत!"

त्या दिवसापासून त्यांच्या खिशातलं पेन गेलं आणि तिथे टेस्टर आला. कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा गडवा हातात घेण्याआधी विचारणार, "अर्थिंग आहे का जी?" पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो तर पोहे सोडून हे बोर्डापाशी उभे. परतताना मी त्यांचं मत विचारलं. "पोरगी लाखात एक आहे," काकाजी गंभीरपणे म्हणाले, "पर घराले अर्थिंग नाही." लग्न झालं म्हणा, अर्थिंग यांनीच जाऊन करून दिलं. त्यांच्या गाडीत बसणाऱ्याचे हाल तर विचारूच नका. भर मे महिन्यात एसी बंद. हॉर्न वाजवायचा नाही, कारण "त्यालेबी करंट लागते न!" आणि एखादा अंगाने भरलेला पाहुणा गाडीकडे येताना दिसला की यांचा चेहरा जो उतरायचा, तो पाहुणा उतरेपर्यंत तसाच राहायचा.

पण त्यांचं खरं वैर रस्त्यावरच्या चार्जरशी. मोबाईलमध्ये हिरवा ठिपका दिसतो, आणि जाऊन पाहावं तर मशीनला बकरी बांधलेली. कुठे सर्व्हर बंद, कुठे पडदा काळा, आणि कुठे सगळं ठाकठीक असलं तर गनच आपल्या गाडीत शिरत नाही, कारण ती दुसऱ्या पद्धतीची. एकदा तशी गन हातात धरून काकाजी भर हायवेवर कडाडले, "पेट्रोलची नळी कोन्याबी गाडीले चालते. मंग विजेलेच कायची आली जातपात?" मी गन परत मशीनला अडकवली.

आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, ढोलावर दंडारीचा नाच रंगतो आणि लेकीबाळी माहेरी येतात. काकाजींची थोरली बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, चिखल्याला खाणीच्या कॉलनीत मुलाकडे राहतात. गुडघे गेल्यापासून त्यांना एसटीची पायरी चढवत नाही, त्यामुळे माहेरची मंडई कित्येक वर्षांत पाहिलेली नव्हती. गेल्या साली काकाजींनी फोनवर शब्द देऊन टाकला, "बाई, यंदा मी आनतो तुले. माह्या गाडीत." पानठेल्यावर हसून हसून लोकांची पोटं दुखली. मी आपला भीत भीत म्हणालो, भाड्याची गाडी करू. "तुम्ही चूप बसा, जवाईबापू!"

मंडईच्या दिवशी सकाळीच निघालो. तुमसरकडच्या चार्जरची गन जुळली नाही आणि पुढच्याचा पडदा मेलेला. चिखल्याला आत्याबाईंचं क्वार्टर वरच्या मजल्यावर, तिथून वायर गाडीपर्यंत पोचेना. तरी त्यांना मोठ्या थाटात मागे बसवलं, आणि परतीच्या वाटेवर आंबागडजवळ गाडीचा लाल दिवा लागला. आंबागडात काकाजींचे साडू राहतात. पण त्यांच्या घरच्या लग्नात काकाजींना मानाचा दुपट्टा द्यायचा राहून गेला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. काकाजींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून आत्याबाई हळूच म्हणाल्या, "राहू दे बापू. मंडई पुढच्या साली पाहू." त्यांच्या वयाला पुढचं साल म्हणजे काय, हे गाडीत तिघांनाही माहीत होतं. काकाजींनी गाडी वळवली.

साडू अंगणातच होते. काकाजी फाटकाबाहेरून ओरडले, "साडभाऊ, मी तुह्या घरी नाही आलो, तुह्या बोर्डावर आलो! अर्थिंग आहे का?"

"आहे. गाडी येऊ दे आत. तू बाहेरच राय."

अशी गाडी आत, काकाजी रस्त्यावर. घरच्या सॉकेटवर चार्जिंग म्हणजे तासन् तास! त्यात व्होल्टेज इतकं कमी की आकडा हलेना. साडू उठले. पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, मग वाडीत जाऊन वांग्यांना पाणी देणारी मोटरही बंद केली. आकडा सरकू लागला. ते पाहून काकाजी तरातरा फाटकाच्या आत आले.

"मोटर काहून बंद केली बे? वांगे सुकतीन न!"

"सुकू दे. बाईले मंडई दिसाले पायजे."

काकाजी साडूंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पण माणूस पक्का! "आन् दुपट्ट्याचं काय?" त्यांनी विचारलंच.

"देतो बे! जेव तं पहिले!"

दिवेलागणीला आम्ही एकोडीत शिरलो तेव्हा साडूही गाडीत होते. काकाजींनी जन्मात पहिल्यांदा एसी लावला आणि वेशीपासून मंडईपर्यंत हॉर्नवरून हात काढला नाही. दंडारीचा ढोल थांबला. पानठेल्यावरची तीच मंडळी खुर्ची घेऊन धावली आणि आत्याबाईंना सगळ्यांत पुढे बसवलं. काकाजी असे काही चालत होते की नवरदेवानेही लाजावं. अहो, मीसुद्धा छाती काढून चाललो, खोटं कशाला बोलू!

मंडई आटोपली. आत्याबाईंच्या परतीचं निघालं की काकाजी म्हणत, "गाडी चार्ज नाही झाली अजून." दुसऱ्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. गाडी बिघडली की काय, म्हणून मी एका सकाळी मागच्या अंगणात बघायला गेलो. वायर सॉकेटला लावलेलीच नव्हती, नीट गुंडाळून खुंटीला टांगलेली होती. मी ती काढायला हात वर केला, तर मागे दाराची चौकट धरून आत्याबाई उभ्या.

"राहू द्या, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "होईन चार्ज सावकाश."