हरिचंद्रचा अंदाज

हरिचंद्रला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. बेलवलीच्या घरी एका जेवणात तो तीनदा उठायचा. बायको गोदू वैतागून म्हणायची, "अहो, ताट काय पळून चाललंय का?" हा माणूस आनंदनगरच्या एका रसायनाच्या कारखान्यात बावीस वर्षं फिटर होता, आणि अडेल नट खोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पान्याला लांब पाइप चढवायचा, अंगाचा सगळा भार टाकायचा, की गंजका नट मुकाट सुटायचा. आवळतानाही तेच. किती आवळायचं हे त्याने कधी कागदात पाहिलं नाही. हाताला जड लागलं की बस्स. आपला अंदाज चुकत नाही, हे तो न विचारता सगळ्यांना सांगायचा.

२००६ च्या उन्हाळ्यात त्याचा उजवा खांदा कामातून गेला. पाइपला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. वरचे साहेब त्याला स्टोअरमध्ये बसवायला निघाले. बसवायला! त्या खुर्चीत महिनाभरात त्याचं डोकं फिरलं असतं.

इंजिनिअर किर्ती मॅडमनी मध्ये पडून एक नवं हत्यार मागवलं, टॉर्क मल्टिप्लायर. नटावर बसणारा गिअरचा जाडजूड डबा. हँडलवर लावलेला जोर नटावर पाचपट होऊन पडायचा.

"रिअॅक्टरचं झाकण यानं खोलून परत बसवा. जमलं तर तुम्ही फिटरच," मॅडम म्हणाल्या. "डब्याचा हा आधाराचा दांडा शेजारच्या नटाला टेकवा. तिथे बोटं घालू नका. आणि आवळताना साधं हँडल नाही, टॉर्क पाना लावायचा. किती आवळायचं तो आकडा त्यावर मी लावून ठेवलाय. कट्‌ वाजलं की थांबायचं."

पहिल्या दोन गोष्टी हरिचंद्रने ऐकल्या. तिसरीपर्यंत त्याचे पाय झाकणाकडे वळले होते.

बाराच्या बारा नट सुटले, तेही डाव्या हाताने. हरिचंद्रला एवढा आनंद झाला की जोडीदार राजरत्नच्या पाठीत त्याने धपाटाच घातला. झाकण साफ झालं, परत चढलं. टॉर्क पाना पेटीतच पडला होता. हरिचंद्रने साधं हँडल उचललं आणि हाताला जड लागेपर्यंत एकेक नट आवळत गेला. सात झाले. आठव्याला काडकन आवाज आला आणि नटासकट स्टडचा, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या आट्यांच्या सळईचा, तुकडा त्याच्या पायाशी पडला.

"जुना स्टड होता, दादा. सडेला," राजरत्न हळूच म्हणाला. "तसंच बोलून टाका. मॅडमला काय समजतंय?"

हरिचंद्रने तुकडा उचलून पाहिला. आत कुठे गंज नव्हता. मग एकदम त्याच्या लक्षात आलं. हाताला नेहमीइतकं जड लागलं, म्हणजे नटावर त्याच्या कितीतरी पट जोर गेला होता. बावीस वर्षांचा अंदाज या डब्यापुढे खोटा होता. आणि आधीचे सातही तसेच ताणले गेले होते. आज नाही तर उद्या, गरम वाफेच्या दाबाखाली ते तुटणार, आणि त्या वेळी झाकणाजवळ कोण उभं असेल कुणास ठाऊक. खोटं बोललं तर फिटरचं काम राहत होतं. त्याने झाकणाभोवती दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत तो थेट मॅडमच्या केबिनमध्ये शिरला.

"स्टड माझ्या हाताने तुटला. हँडलने आवळले मी. बाकीचे सातपण बदला." त्याने तुकडा टेबलावर ठेवला. "मला स्टोअरमध्ये टाकायचं तर टाका."

मॅडमनी तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. "नवे आठ स्टड काढा," त्या म्हणाल्या. "या वेळी मी समोर उभी राहते."

नवे स्टड बसवून हरिचंद्रने डब्याला टॉर्क पाना जोडला. थोडासाच रेटला, तोच कट्‌ वाजलं. हात सांगत होता, अजून ढिला आहे, अजून एकदा रेट. त्याने पाना काढला आणि पुढच्या नटाकडे गेला.