विहीणबाई हसल्या नाहीत

"हीट स्ट्रोक," डॉक्टर म्हणाल्या. "उष्माघात. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं."

मी कल्याणच्या एका रुग्णालयात आडवा होतो. मानेखाली बर्फ, काखेत बर्फ, आणि जिथलं सांगू नये तिथेही बर्फ. हाताला सलाइन, एका पायात मोजडी. लग्नात मोजड्या जावयाच्या पळवतात, माझी कुणी पळवली कोण जाणे!

"आज काय आहे, सांगा बघू?"

"मुलीचं लग्न."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. आधी विचारलं तेव्हा म्हणे मी 'अनंत चतुर्दशी' सांगितलं होतं.

सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण मे महिन्यात तुमच्याही घरी कार्य निघू शकतं.

आमच्याकडे कन्यादान होईपर्यंत मुलीचे आईवडील उपाशी राहतात. "पाणी, सरबत घेत राहा हो," असं गुरुजींनी दोनदा बजावलं होतं. बायकोने ऐकलं. मला वाटलं, एकुलत्या एका लेकीचं लग्न, त्यात अर्धामुर्धा उपास कसला? मी निर्जळी केला. वर मखमली शेरवानी आणि डोकं आवळणारा फेटा. लग्न उघड्या लॉनवर, मुहूर्त भर दुपारचा. मंडपात सावली होती, पंखे होते. पण मंडपात उभं राहिलं तर वरातीला माझी एन्ट्री कशी दिसणार? म्हणून मी थेट फाटकात, उन्हात.

वरात बाहेर रस्त्यावर नाचत होती आणि नाचतच राहिली. आधी माझं डोकं ठणकलं. मग पोटऱ्यांत गोळे आले. मळमळायला लागलं. शरीर दार ठोठावत होतं, पण यजमान दुसऱ्या पाहुण्यांच्या स्वागतात गुंतले होते.

पुढचं मला आठवत नाही. ते मी नंतर मेव्हण्याच्या मोबाइलवर पाहिलं. वरात आत आली, तेव्हा मी नवऱ्यामुलाच्या वडिलांना ओलांडून बँडवाल्यापाशी गेलो, त्याला हार घातला आणि ट्रम्पेटसकट मिठी मारली. "या व्याही, या!"

लोक हसून लोळले. ठाण्यात, आमच्या वर्तकनगरात माझी ख्यातीच तशी आहे. बारसं असो की निरोपसमारंभ, मला बोलायला उभं करतात. मग मी विचारलं, "लग्न कुणाचं आहे?" टाळ्या! "भावोजी, वन्स मोर!" मेव्हणा ओरडला. माझा तोल गेला, मी मातीत बसलो. त्यालाही शिट्ट्या पडल्या.

एक बाई मात्र हसली नाही. आमच्या डोंबिवलीच्या विहीणबाई. ठाण्याच्या कोर्टात आयुष्यभर स्टेनो होत्या. समोर काहीही चालो, चेहरा कोरा ठेवून टिपून घ्यायचं, ही सवय. साखरपुड्यात मी माझे सगळे हुकमी किस्से त्यांच्यावर खर्च केले होते, त्यांची मिशी हलावी तर मिशीच नाही! मी मनातून खट्टू होतो.

त्यांनी वाकून माझ्या मानेला हात लावला.

"हसताय काय? अंग भट्टीसारखं तापलंय. घामाचा टिपूस नाही. हे विनोद करत नाहीयेत."

"अहो ताई, आमचे भावोजी असेच आहेत."

"शूटिंग बंद कर आधी. एकशेआठला फोन लाव!"

मग पळापळ झाली. मला सावलीत ओढलं, फेटा सोडला, शेरवानी उतरवली. सरबताच्या पिंपातला बर्फ रुमालात बांधून आला. कुणीतरी पाण्याचा ग्लास ओठांना लावत होतं. विहीणबाईंनी हात धरला. "तोंडात नको. शुद्धीत नाहीत, ठसका लागेल. अंगावर ओता, वारा घाला."

"मुहूर्त टळतोय," कुणीतरी कुजबुजलं.

"टळू दे. व्याही टळायला नकोत."

डॉक्टर नंतर म्हणाल्या, त्या अंगावर ओतलेल्या पाण्याने मला वाचवलं. शरीर स्वतःला थंड करेनासं झालं, की आतलं तापमान एकशेचारच्या वर जातं आणि मेंदू गोंधळतो. हा नेहमीचा ताप नव्हे, तापाच्या गोळीने उतरत नाही. काहींना घाम येतच राहतो, त्यामुळे नुसत्या घामावर जाऊ नका. उन्हातला माणूस असंबद्ध बोलू लागला, की धोका समजा.

माझं क्रिएटिनिन वाढलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो कचरा. ते खाली येईपर्यंत आयसीयूत ठेवलं. रोज रक्त काढायचे आणि बायको बाहेरच्या बाकावर रिपोर्टची वाट पाहत बसायची.

मी धोक्याबाहेर आहे असं कळेपर्यंत लेक बोहल्यावर चढली नाही. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. कन्यादान माझ्या भावाने केलं. दुसऱ्या दिवशी ती हिरव्या चुड्यानिशी माझ्या कॉटशी आली आणि रडली. या एका गोष्टीचा किस्सा मला अजून करता आलेला नाही.

आता उन्हात छत्री, सुती सदरा, खांद्याला पाण्याची बाटली. लग्नाला बोलावलंत तर येईन, पण फाटकात नाही, पंख्याखाली बसेन. उपास करणाऱ्यांना स्वतः सरबत पाजतो, आणि उघड्यावर नाचणाऱ्या वरातीला हाताला धरून आत आणतो.

विहीणबाई अधूनमधून येतात. मी अजूनही त्यांना हसवायचा प्रयत्न सोडलेला नाही. परवा मी नवा, अगदी ताजा किस्सा सांगितला. सगळं घर खिदळलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"व्याही, आज काय आहे?"

"मंगळवार."

"बरं. पाणी प्या," असं म्हणून त्यांनी ग्लास पुढे केला. आणि मी, इतका टाळ्यांचा भुकेला माणूस, निमूट प्यालो.