मधूदादाने काढलेल्या वाटा

मधूदादाच्या बायकोचा, वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा मी वालूरला एका अंगणात बसले होते. समोरच्या सरूमावशी त्यांचा मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणत होत्या, "कालपासून आपलं पान उघडंना झालंय बघ. मधूला सांग की." सांगते म्हणाले आणि फोन उचलला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ताई, हे गेले..." छातीत कळ आली, सोनपेठहून परभणीला नेताना रस्त्यातच... चाळिशीही गाठली नव्हती त्याने. याला आता काही आठवडे झाले. मावशींच्या मोबाइलवर ते पान अजून उघडलेलं नाही.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाजाराच्या दिवशी बाबांसोबत मजुरांच्या हक्कांची पत्रकं वाटायची, ही माझी पहिली शाळा. तीच सवय घेऊन मी ऊसतोड कामगारांच्या हकिगतींचं संकेतस्थळ काढलं, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच नावानिशी. मुकादमाने कोणाला कोंडून ठेवलं, कोणती बाई ओल्या बाळंतपणात फडात उभी राहिली, सगळं. एक दिवस सरकारने ते इथल्या फोनवर उघडणं बंद केलं. नोटीस नाही, कारण नाही; पडद्यावर फक्त 'आदेशानुसार'. बायांनी जिवावर उदार होऊन सांगितलेलं त्यांच्याच लेकरांच्या कानावर पडू नये, एवढ्यासाठी हा बंदोबस्त! मी संतापले होते. सोनपेठच्या बसस्टँडमागे कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा माझा आतेभाऊ मधूदादा मात्र हसला. "पत्रकबाई, वाट अडवलीय त्यांनी, गाव न्हाई बुडवलं." त्याने परदेशातलं एक यंत्र भाड्याने घेऊन त्यावर प्रॉक्सी सर्व्हर उभारला. आपण त्याला मागायचं, त्याने पान आणून द्यायचं, की अडवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. त्या संध्याकाळी सरूमावशींनी फडातला स्वतःचा आवाज पुन्हा ऐकला आणि पदर तोंडाला लावला.

मग राणीसावरगावच्या आमच्या बबनने त्या यंत्राच्या गुप्त पत्त्याचा फ्लेक्स लावला. ऐन चौकात, 'आपला आवाज पुन्हा सुरू', खाली ठळक अक्षरांत पत्ता, वर गॉगल घातलेला बबन आणि शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. पत्ता लगेच बंद झाला. मधूदादा कपाळाला हात लावून म्हणाला, "आरं बबन्या, चोरवाटेला कमान बांधतेत का?" बबन खरोखर गोंधळला होता. "दादा, चांगली गोष्ट हाय, तं लोकायला कळाय नको?" मला बबनचंच पटलं होतं. चोर आम्ही नव्हतो.

त्यानंतर दादाने प्रत्येक गावाला वेगळा पत्ता आणि वेगळा पासवर्ड दिला, फोनवर, तोंडी. एक बंद पडला तरी बाकीचे चालावेत म्हणून. कागदावर काही उतरवायचं नाही, हा त्याचा नियम. पोलिसांनी बोलावून विचारलं, "देशाच्या विरोधात काम करायलास का?" तो म्हणाला, "साहेब, ह्या बाया देशात येत न्हाईत का?" पण क्लासमधली मुलं पालकांनी काढून घेतली. तो रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून नव्या वाटा काढत राहिला. काढली की बंद, पुन्हा काढली की बंद... मी म्हणायचे, आपण जिंकू. तो पुढच्या यंत्राच्या मागे लागायचा.

तो गेल्यावर उरलेले पत्ते एकेक करून बंद झाले. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांना मी विचारलं; कोणी पुढे आलं नाही. मलाही ते काम जमलं नाही. संकेतस्थळावर कुठून कोण आलं, ही नोंद मला अजून दिसते. सगळी गावं गेली. पण रोज पहाटे एक भेट नोंदली जाते. दादाने पुढच्या खेपेसाठी एक यंत्र आधीच तयार ठेवलं होतं, कोणालाच न दिलेलं. पान शाबूत आहे का, एवढं पाहून ते त्याच्या फोनवर कळवतं. रोजचा तो संदेश वहिनींनी पाहिला, मग फोन बंद करून कपाटात ठेवला. यंत्राचा पत्ताही मला नोंदीत दिसतो. पासवर्ड फक्त त्याला ठाऊक होता. वहिनींनी आणि मी सुचेल ते घालून पाहिलं, मुलीचं नाव, गावाचं, माझंसुद्धा... उघडलं नाही.

आज पहाटेही ते येऊन, पाहून गेलं.