चढावरची रिव्हर्स टेस्ट

लष्करातलं माझं शेवटचं पोस्टिंग डोंगरातलं होतं. मी वर्कशॉपचा हवालदार मेकॅनिक. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स माझ्याकडे. पाचला गाड्यांची तपासणी, सहाला कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, निघायचा. तपासणीची यादी मीच बनवली होती. खाली सहीही माझीच असायची.

त्या सकाळी पाच पन्नासला नाईक साळवे रिकव्हरी गाडी घेऊन आला. पाचोडचा. माझ्याशी गावाकडचंच बोलायचा.

"उस्ताद, रिव्हर्स लई उशिरा धरतंय. म्हातारा बैल उठावा तसं."

"फॉरवर्ड?"

"एक नंबर."

क्रम ठरलेला होता. आधी ऑइल, इंजिन गरम आणि चालू, गाडी सपाटीवर. मग गिअर लिव्हरची जोडणी. मग ऑइलचं प्रेशर. शेवटी वर्कशॉपमागच्या चढावर रिव्हर्स. गिअरबॉक्सच्या आतला घसरणारा क्लच सपाटीवर कळत नाही. चढावर वजन आलं की कळतो.

ऑइलची पातळी बरोबर होती. रंग काळपट, वास जळका, म्हणजे क्लच जळत चाललेला. घड्याळ पाहिलं. सपाटीवर गाडी मागे आली. पुढच्या तपासण्या सोडून मी रिव्हर्ससमोर 'ओके' लिहिलं.

"संध्याकाळी खोलू."

"व्हय उस्ताद. तोवर पुढंच जातो, मागं येतच नाय," म्हणत तो हसला.

पुढे अडकलेला ट्रक काढायचा म्हणून त्याची गाडी सर्वांत पुढे होती, मी मागच्या एका गाडीत. नऊ वाजून दहा मिनिटांनी, उतार उतरताना, समोर दरड सुटली. रेडिओवर हुकूम आला, "सगळ्या गाड्या मागे. ओव्हर." मागे म्हणजे चढ. आम्ही सगळे मागे आलो. साळवेची गाडी जागीच गुरगुरत राहिली.

"रिव्हर्स धरत नाय. ओव्हर."

"साळवे, गाडी सोड. ओव्हर," पुन्हा हुकूम आला.

"जोडीदाराला उतरवलंय. अजून एकदा बघतो. ओव्हर."

जोडीदार पळत आमच्यापर्यंत पोहोचला. नऊ वाजून चौदा मिनिटांनी दुसरी दरड आली आणि गाडी दरीत गेली. साळवे एकतीस वर्षांचा होता.

चौकशीत कारण दरड लिहिलं गेलं. माझी यादी फाइलला लागली. त्या 'ओके'वर कुणी बोट ठेवलं नाही. मीही नाही.

आता चितेगावजवळ माझं गॅरेज आहे. मागच्या महिन्यात साळवेचा धाकटा भाऊ ऑटोमॅटिक कार घेऊन आला. तक्रार तीच.

"दादा तुम्हाला उस्ताद म्हणायचा. म्हणून तुमच्याकडंच आणली."

मी ऑइलचा वास घेतला. मग त्याला सगळं सांगितलं.

त्यानं विचारलं, "चढावर बघायला किती वेळ लागला असता?"

"चार मिनिटं."

त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. मी गाडी पुलाच्या चढाकडे घेतली. तो बसला नाही. रस्त्याकडेला उभा राहून घड्याळाकडे बघत होता.