धीरज्याचा वाटा

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर दादूचं काम म्हणजे पाठ फिरवून बसणं.

होडी लागली, विकायची मासळी टोपल्यांत गेली, की घरात खायची उरते. तिचे वाळूवर ढीग लागतात. दादूने पालथ्या टबावर बसायचं, तोंड सुरूच्या झाडांकडे. मागून पुतण्या धर्मेश एका ढिगावर बोट ठेवून विचारणार, "यो कोनाचा?" आणि दादूने न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. मोठा कुणाला, बारका कुणाला, भांडण नाही. पाठीला कुठे डोळे असतात?

पोरगा होता तेव्हापासून दादू हे करतोय. तेव्हा बापाचा, चुलत्यांचा, आत्यांचा मिळून वाळूभर पसारा असायचा. बायडीआत्याचं नाव तो मुद्दाम लांबवायचा, "बायडीआत्याऽऽचा", आणि ती तिकडून, "मेल्या, बोल लवकर, मांजर बसलाय टपून!" नावं घेता घेता घशाला कोरड पडायची.

आता तीनच ढीग. एक दादूचा. एक धर्मेशचा, म्हणजे वारलेल्या थोरल्या भावाचा. आणि एक धाकट्या धीरजचा, जो बोईसरला कंपनीत लागला, तिथेच फ्लॅट घेतला. पूर्वी नावाची त्याची लेक कॉलेजात जायला लागली, तरी किनाऱ्यावर "धीरज्याचा" ही हाक चुकली नव्हती. सवड मिळाली की दादू तो वाटा बर्फात घालून बोईसरला पोचवायचा. एरवी बायको मंगला त्याच्यासाठी सुकवून ठेवायची.

यंदा नारळी पुनवेनंतरची पहिली होडी लागली. "यो कोनाचा?" "धर्मेशचा." "यो?" "माझा." मग मागे नुसता समुद्र.

"तिसरा?"

"तिसरा नाय लावला, काका. हेमालीकाकीचा फोन आलेला. मासळी पाठवू नका बोलली."

दादू वळला नाही. "धीरज्या बोलला काय?"

"काकी बोलली म्हंजे तोच बोलला ना."

"लाव तू. मी इचारून येतो त्याला."

"काका, त्यांना नको हाय तर—"

"लाव बोललो ना."

बोईसरला धीरजच्या सोसायटीच्या फाटकावर रामसूरत वॉचमन खुर्ची सोडून उठला. बर्फाची पिशवी दिसली की तो उठायचाच. "आओ दादू! आज मांदेली है क्या? पिछली बार की तो हम काँटे समेत खा गए."

"तेरे को किसने दिया?"

रामसूरतने जीभ चावली. "भाभीजी दे देती हैं," म्हणाला आणि रजिस्टरात डोकं घातलं.

वर धीरजच्या बायकोने, हेमालीने, दादूला पंख्याखाली बसवलं, चहा टाकला. बोईसरला आल्यापासून तिच्या बोलण्यातलं 'हाय' जाऊन 'आहे' आलं होतं. रागात किंवा घाईत मात्र तेच पुन्हा तोंडात यायचं. "दादा, राग मानू नका. माझी शिफ्ट आहे, यांची शिफ्ट आहे. आल्यावर बोंबील कोण साफ करणार? पूर्वी तर काटा दिसला की ताट सरकवते. तुमी एवढ्या लांबून उन्हातानाचं येता, आणि मी ते खाली देऊन टाकते. मलाच वाईट वाटतं. खरंच सांगते, लय वाईट वाटतंय."

दादूला तिच्यावर चिडता येईना. सोफ्यावर एकसारखे तीन टी-शर्ट घडी घालून ठेवले होते.

"कंपनीचा फॅमिली डे आहे, मोठे काका," पूर्वीने कानातला इयरफोन काढून सांगितलं.

"अरे वा. मग आमी कवा येवं?"

"तुम्ही?" ती हसली, मग आईकडे बघून थांबली. "म्हणजे... तुम्ही नातेवाईक ना. फॅमिली म्हणजे पप्पा, मम्मी नि मी."

"बरोबर," दादू म्हणाला आणि बशीत चहा ओतत बसला.

धीरज ड्युटीवरून आला तो जिन्यातच भेटला. दादू निघाला होता. कंपनीचा वास त्याच्या शर्टाला, बर्फाचं पाणी दादूच्या पायांवर.

"दादूस, जेवून जा."

"जेवतो नंतर. येक सांग. किनाऱ्यावर तुजं नाव घेवं का नको?"

धीरज कठड्याला टेकला. खालून रामसूरत कुणावर तरी "गाड़ी हटाओ" करत होता. धीरजने त्याचं ओरडणं पुरतं संपू दिलं.

"ढीग नको लावू, दादूस. फुकट जातो."

"बरं."

दादू दोन पायऱ्या उतरला.

"पन नाव घे." धीरजने बुटाची लेस सोडायला मान खाली घातली. "हितं मला सगळे सर बोलतात. धीरज्या कोन नाय बोलत."

दुसऱ्या दिवशी होडी लागली. दादूने आदल्या संध्याकाळी धर्मेशला सगळं सांगितलं होतं. धर्मेश यावर हसला होता, "बिनमासळीचं नाव काय कामाचं, काका?"

तो टबावर बसला. सुरूच्या झाडांत वारा होता.

"यो कोनाचा?"

"माझा."

"यो?"

"धर्मेशचा."

टोपल्या उचलल्याचा आवाज आला. वाळूवरची पावलं लांब जाऊ लागली. दादू बसून राहिला. मग पावलं थांबली, परत आली, आणि धर्मेश गुडघ्यावर बसल्याचं त्याला ऐकू आलं. कोऱ्या वाळूवर बोट टेकून धर्मेशने विचारलं,

"यो कोनाचा?"

"धीरज्याऽऽचा," दादू म्हणाला. बायडीआत्याचं लांबवायचा तसं लांबवून म्हणाला, आणि मागे वळून बघितलं नाही.