विमलबाईंचा खर्ज

विमलबाई आमच्या शाळेत पहिल्या तासाला आल्या तेव्हा त्यांनी हजेरी घेतली नाही की फळ्यावर काही लिहिलं नाही. तंबोऱ्याची गवसणी काढली, पुढच्या बाकावरच्या मुलीला खाली सतरंजीवर बसवलं आणि तंबोऱ्याचा भोपळा तिच्या मांडीवर टेकवून तारा छेडल्या. मुलगी दचकली. मग तिनं तो भोपळा दोन्ही हातांनी असा कवटाळला, की तास संपला तरी सोडीना. ती दुर्गा, केदारखेड्याची, जन्मापासून ठार बहिरी. आमची शाळाच कर्णबधिर मुलांची. जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांमागच्या गल्लीत. मी तिथे चित्रकला शिकवायचो.

बहिऱ्यांच्या शाळेत गाण्याच्या बाई कशा आल्या, हे सांगायला हवं. संस्थेची दुसरी शाळा पटसंख्येअभावी बंद पडली, बाई ‘अतिरिक्त’ ठरल्या आणि संस्थेनं त्यांना आमच्याकडे धाडलं. ऑर्डर वाचून शिक्षकखोलीत आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो होतो. बाई दारातच उभ्या होत्या. आत आल्या, डबा उघडत म्हणाल्या, “हसा सर, बिलकुल हसा. पन कान म्हंजे आवाजाचं एक दार झालं. बाकीच्या खिडक्या कुनी उघडून बघितल्या का?”

त्या टेंभुर्णीच्या, शेतकरी घरातल्या. लग्न केलं नव्हतं. आवाज जाड, खोल, पुरुषासारखा खालच्या पट्टीतला. तरुणपणी कार्यक्रमात गायला बसल्या, की पहिल्या आलापालाच लोकांत खसखस पिके. “लोकांना कोकिळा पायजे असती,” त्या सांगत, “अन् माझ्या गळ्यात देवानं नुस्ता खर्ज भरून ठेवला.” आमच्या मुलांना मात्र तोच आवाज मानवला. खालचा सूर हाडापर्यंत जातो. मुलं बाईंच्या पाठीला पाठ लावून बसत आणि बाई डोळे मिटून खर्ज लावत. एखादं पोर चुळबुळ करू लागलं, की त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणत, “जल्दी नको करू, सूर येऊन राह्यला.” त्याला ते ऐकू येणार नाही हे त्यांना माहीत असे. तरी म्हणत.

एकदा त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, की देवमासे समुद्राखालून एकमेकांशी आवाजानं बोलतात, कोसच्या कोस लांबून. त्या दिवशी बाईंना दुसरं काही सुचेना. त्यांनी सगळ्या मुलांना अंगणातल्या हौदाभोवती उभं केलं, कोपरापर्यंत हात पाण्यात घालायला लावले आणि हौदाच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या घागरीवर पळीनं टोले दिले. मुलांचे चेहरे उजळत गेले. देवमासा कधी दिसेल, असं दुर्गानं खुणेनं विचारलं. बाईंनी त्या हिवाळ्याची सहल कोकणात नेली. मुख्याध्यापक वेरूळ म्हणत होते, पण बाई हटल्या नाहीत.

समुद्र आमच्यापैकी बहुतेकांनी प्रथमच पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गर्दी दिसली. देवमाशाचं एक पिल्लू ओहोटीला वाळूत अडकलं होतं. पिल्लू म्हणायचं, पण आमच्या बसएवढं लांब. कोळी लोक बादल्यांनी पाणी ओतत होते, ओली गोणपाटं पांघरत होते. वनखात्याचे लोक दोर आणि होड्या जमवत होते. भरती दुपारनंतर येणार होती, तोवर त्याला ओलं ठेवायचं. वनरक्षकानं मुलांना लांब थांबवलं. बाईंनी मात्र त्याला गळ घातली आणि पाणी ओतायला म्हणून मोठ्यातल्या मोठ्या मुलीला, दुर्गाला, सोबत नेलं. मी मुलांना घेऊन दोराबाहेर उभा होतो.

दुर्गा गोणपाट नीट करत होती. एकाएकी ती थांबली. तळहात पिल्लाच्या अंगावर दाबून धरला, मग बाईंकडे वळून तिनं खूण केली: बोलतोय.

आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. एक म्हातारा कोळी म्हणाला, “सकाळपासून गप हाय बिचारा.” बाईंनी मात्र बादली खाली ठेवली, ओल्या वाळूत बसल्या, कपाळ त्याच्या काळ्या अंगाला टेकवलं आणि खर्ज लावला.

लोक हसले नाहीत. दोन अडीच तास बाई गात होत्या. मधेच थांबून दुर्गाकडे बघत. दुर्गा मान हलवी: हो, बोलतोय. बाई पुन्हा सूर धरत. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं, ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. भरती चढली, होड्यांनी दोर ओढले, पिल्लू हललं, तरंगलं आणि खोल पाण्यात गेलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून बाई रडत होत्या आणि गात होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिथेच वाळूवर पडलेलं होतं. मेलेलं.

परतीच्या प्रवासात बाई खिडकीशी बसून होत्या. बस घाट चढून आली तेव्हा म्हणाल्या, “सर, ते गेल्तं ना बराबर? मंग माघारी का आलं?” मग स्वतःच म्हणाल्या, “मी गात होते म्हनून. त्याला वाटलं, इथं कुनीतरी आपलं हाय.”

त्यानंतर बाई गायल्या नाहीत. मुलांना ताल शिकवायच्या, घागर वाजवायच्या, पण सूर लावत नसत. मी सागरी प्राण्यांच्या एका अभ्यासकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की आईपासून तुटलेलं पिल्लू बहुधा वाचतच नाही, गाण्याचा दोष मानू नये. बाईंनी ते दोनदा वाचलं. “कागद बराबर बोलतो,” म्हणाल्या, आणि घडी करून मला परत दिलं. दोन वर्षांनी त्या निवृत्त होऊन टेंभुर्णीला भावाकडे राहायला गेल्या.

मागच्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा दुर्गा माझ्या घरी आली. आता ती जालन्यात शिवणकाम करते. खुणांनी सांगणं तिला जमेना, म्हणून तिनं कागद मागितला. लिहिलं: ‘सर, देवमाशाचं बोलणं पहिल्यांदा हाताला खरंच जाणवलं होतं. एकदाच. बाई गायला लागल्यावर थांबलं. मग काहीच नव्हतं. बाई सारख्या माझ्याकडे बघायच्या. मी हो म्हणत राहिले.’

मी खुणेनं विचारलं, का?

‘बाई खूश होत्या,’ तिनं लिहिलं. आणि खाली: ‘त्यांना सांगा. त्यांच्यामुळे परत नाही आला तो. मला धीर होत नाही.’

मी तो कागद खिशात घालून टेंभुर्णीला गेलो. ऐन दुपार होती. बाई ओसरीतल्या खाटेवर होत्या. अगदी वाळल्या होत्या, आवाज तेवढा तसाच. भावजयीनं चहा दिला आणि ती आत गेली. कसं सुरू करावं याची मी जुळवाजुळव करत होतो, तोच त्या म्हणाल्या, “सर, त्या पिल्लाचं दुख सुटत न्हाई बघा. लई वाईट झालं माझ्या हातून.”

“बाई, त्याच्याबद्दलच मी...”

“थांबा, मला बोलू द्या. जल्दी दम लागून राह्यला.” त्या उशीला टेकल्या. “उभा जन्म गायले. लोक हसले, उठून गेले, पोरं मायेनं बसली. पन मी सूर लावला अन् पल्याडून कुनी जवाब दिला, असं एकदाच झालं. दोन अडीच तास. तेवढं कुनाच्या वाट्याला येतं, सांगा.” माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “तुम्ही काय म्हनत होता?”

“काही नाही,” मी म्हणालो. “दुर्गानं नमस्कार सांगितलाय.”

“गुनी पोरगी. तिच्या हातामुळं मला कळलं सगळं.”

माझ्या भेटीनंतर नवव्या दिवशी बाई गेल्या.

त्यांच्या दहाव्याच्या विधीला दुर्गा आणि मी टेंभुर्णीला एकत्रच गेलो. सगळं उरकल्यावर अंगणात तिनं मला गाठलं. खूण केली: सांगितलंत?

मी मान हलवली. हो.

काय म्हणाल्या?

हसल्या, मी खूण केली. म्हणाल्या, बरं झालं पोरीनं सांगितलं.

बहिऱ्या माणसांशी खोटं बोलणं अवघड असतं, ती चेहरा वाचतात. दुर्गा माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं ओढणीनं डोळे पुसले, माझा हात क्षणभर हातात धरला आणि पंगतीला पाणी वाढायला आत गेली.